कारण न लिहिलेली चिठ्ठी

देवपूर, धुळे
९ सप्टेंबर २०२४

चि. प्रेमराज यास अक्काचा सलाम.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन मला आता बोलण्यापुरता उरलाय, ऐकण्यापुरता नाही. डावा कान पार गेला आणि उजव्यात शिट्टी वाजते. शिवाय फोनवर माणूस काहीही बोलून मोकळा होतो. एकतीस वर्षं मी बाळंतपणाच्या वॉर्डात काढली. तिथे आमचा नियम होता, केसपेपरवर लिहिलं नाही ते औषध दिलंच नाही असं धरायचं. म्हणून तूही लिहूनच उत्तर दे.

आमच्या चर्चच्या मंडळीतली लिलाबाई तुला ठाऊक आहे, लोटन ड्रायव्हरची बायको. तिची मुलगी तुमच्या जळगावात, तुझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. लिलाबाई एक तारखेला तुमच्या उपासनेला आली होती. पहिल्या रविवारी तुमच्याकडे उपकारस्तुतीच्या चिठ्ठ्या वाचतात ती पद्धत चांगली आहे. अमक्याच्या मुलाला नोकरी लागली, तमकीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. नाव आणि कारण. तर म्हणे एक चिठ्ठी निघाली, "प्रेमराज सर देवाचे उपकार मानतात." झालं. कशाबद्दल, ते नाही. तिने शेजारच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, जूनपासून दर महिन्याला सरांची अशीच कोरी चिठ्ठी येते, ही चौथी.

उपकार मानायचे आणि कारण दडवायचं, हे मी अडुसष्ट वर्षांत ऐकलं नाही. देवाने तुला असं काय दिलंय जे चार माणसांत सांगता येत नाही? तू पाच वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालास, चार वर्षांपूर्वी तुझी बायको गेली, मूलबाळ नाही. तुला लॉटरी लागण्यासारखं काही उरलेलं मला तरी दिसत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि मृणालीकडे रावेरला जातोस का कधी? दुसऱ्या कुणाला फोन ऐकायला बसवलं तर ती "बरी आहे" एवढंच म्हणते. नाताळला आली नाही, ईस्टरला आली नाही. मी येते म्हटलं तर म्हणते, नको. कुंदनरावांचं आणि तिचं बिनसलंय का? पोटची एकुलती एक पोर आहे माझी. वर्ष होत आलं, मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. तुला काही माहीत असेल तर लपवू नकोस.

तुझी,
कोकिळा अक्का

---

पिंप्राळा, जळगाव
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय अक्का,
प्रभूमध्ये सलाम.

पत्र मिळालं. लिलाबाईंना पोलिसात घ्यायला हवं होतं.

चिठ्ठीचं विशेष काही नाही. उपकार एकाच गोष्टीचे नसतात, म्हणून कारण लिहिलं नाही. सकाळी जाग येते, केळीचा हलवा पचतो, शाळेतली जुनी पोरं रस्त्यात थांबून नमस्कार करतात. हे सगळं लिहायला बसलो तर पाळकसाहेबांना उपदेशाला वेळ उरायचा नाही.

मृणाली ठीक आहे. कुंदनराव केळीच्या पॅकिंगच्या कामात बुडालेले असतात, तुला माहीत आहे रावेरचं. ट्रक लागले की त्यांना जेवायलाही सवड नसते. त्यांचं काही बिनसलेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगतो.

बाकी एक विचारायचं होतं. पाय सुजतात हल्ली. संध्याकाळपर्यंत चपलेत मावत नाहीत. झोपताना पायाखाली उशी घ्यावी का? मीठ कमी करावं का? तुझ्याइतकं जाणतं माणूस घरात असताना दुसऱ्या कुणाला विचारणं बरं दिसत नाही.

तुझा,
प्रेमराज

---

देवपूर, धुळे
२३ सप्टेंबर २०२४

चि. प्रेमराज यास सलाम.

उशी घे. डाव्या कुशीवर झोप. बीपी बघून घे आणि लघवी तपासून घे, टाळू नकोस. सकाळी उठल्यावर तोंड किंवा बोटं सुजलेली दिसली तर लगेच डॉक्टर गाठ. तुझ्या वयाला हे किडनीचं किंवा हृदयाचं असू शकतं. तुझे पाय सुजलेत आणि तू देवाचे उपकार मानत सुटलायस, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

आता दुसरं. लिलाबाई परवा पुन्हा मुलीकडे आली होती आणि मुद्दाम तुझ्या घरावरून गेली. मी पाठवलं नव्हतं. पण ती निघताना मी अडवलंही नाही. परत आली ती थेट माझ्या ओट्यावर. म्हणाली, "अक्का, तुना भाऊना घरमा बाईमाणूस शे. दोरीवर मॅक्सी वाळत व्हती, बठ्ठा गल्लीले दिसत व्हती." शिवाय तुझ्या पिशवीत तिला नाचणीचं पीठ आणि खजूर दिसले म्हणे. तू आयुष्यात कधी नाचणीला हात लावला नाहीस.

मंदाबाई तुझ्याकडे पोळ्या करायला येते, ती विधवा आहे, वयही बेताचं आहे. मी जुन्या मतांची असले तरी अडाणी नाही. तुला लग्न करायचं असेल तर कर. बायबलात मनाई नाही. पण मोठ्या बहिणीला न सांगता घरात बाई ठेवून वर देवाला चिठ्ठ्या टाकायच्या, हे मात्र मला पटणार नाही. खरं काय ते लिही. ते सुजलेले पाय नक्की कुणाचे आहेत?

मृणालीला मी रावेरच्या पत्त्यावर दोन पत्रं घातली. उत्तर नाही.

कोकिळा अक्का

---

जळगाव
३ ऑक्टोबर २०२४

प्रिय अक्का, सलाम.

मंदाबाईंना तुझं पत्र दाखवलं नाही, नाहीतर उद्यापासून पोळ्या बंद झाल्या असत्या. त्या पासष्टच्या आहेत आणि मला "सर" म्हणताना डोक्यावरचा पदर सावरतात. मॅक्सी त्यांच्या सुनेची. त्यांच्या गच्चीवर ऊन येत नाही, म्हणून आमच्या दोरीवर घालतात. नाचणी मला डॉक्टरांनी सांगितली. बीपी बघितलं, ठीक आहे.

मृणालीचं पत्र येईल. तिला थोडा वेळ दे.

प्रेमराज

---

देवपूर, धुळे
१४ ऑक्टोबर २०२४

प्रेमराज,

चि. लिहिलेलं नाही, बघ. मुद्दामच नाही लिहिलं.

माझी दोन्ही पत्रं परत आली. पाकिटावर पोस्टमनचा शेरा, "घर बंद." मग मी रावेरला पुनमला फोन लावायला लावला, मृणालीच्या समोर राहते ती. लिलाबाईची सून स्वाती फोनवर बोलली आणि मला ओरडून सांगत गेली. पुनम म्हणते, मृणाली जूनपासून तिथे नाही. कुंदनराव पॅकिंगच्या शेडवरच झोपतात आणि दर शनिवारी मोटरसायकल घेऊन जळगावला जातात.

जूनपासून, प्रेमराज. तुझ्या चिठ्ठ्याही जूनपासूनच. आता मी मूर्ख नाही. माझी मुलगी तुझ्या घरात आहे. मॅक्सी तिची आहे. तू मला दोन पत्रांत तीन वेळा खोटं सांगितलंस, आणि तेही शाळामास्तर असून.

नवऱ्याने टाकलंय का तिला? मूल होत नाही म्हणून? तसं असेल तर तू उपकार कशाचे मानतोस, घरात फुकट स्वयंपाकीण मिळाली म्हणून? का तिनेच त्याला सोडलंय? की आपल्या वाटेवरून दूर गेलीय, कुणी भगताकडे नेऊन दोरा बांधून आणलाय? रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याला तसले खूप बसलेत. एकदा माणूस निराश झाला की कुठेही माथा टेकतो, मी वॉर्डात पाहिलंय.

मी गाडीत बसून येऊ शकते. येत नाही, कारण तिने मला दारातून परत पाठवलं तर मला ते सोसवणार नाही. हे तुला पहिल्यांदाच सांगतेय. माझी मुलगी माझ्यापासून का लपते, एवढंच लिही.

कोकिळा

---

जळगाव
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्का,

उशीर झाला. चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा फाडलं.

हो, मृणाली माझ्याकडे आहे. जूनमध्ये आली. नवऱ्याने टाकलेलं नाही, कुंदनराव तिच्यासाठी जीव टाकतात. दोरा नाही, भगत नाही. रोज सकाळी ती माझ्यासोबत प्रार्थनेला बसते, फक्त तोंडाने काही म्हणत नाही. याहून जास्त सांगायचं नाही असं मी तिला वचन दिलंय. खोटं बोललो त्याची माफी माग म्हणालीस तर मागतो. वचन मात्र मोडणार नाही. तू समजून घे.

माझं विचारशील तर पाय तसेच आहेत. दोन दिवसांपासून डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतं. आज बोटातली अंगठी निघेना. चष्म्याचा नंबर बदलला असेल. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे, तेव्हा दाखवू.

तुझा,
प्रेमराज

---

देवपूर, धुळे
१० नोव्हेंबर २०२४, रविवार

प्रेमराज,

काल पोस्टमन गेला आणि मी उभ्यानेच पत्र वाचलं. अंगठीपर्यंत आले आणि थेट फोनकडे गेले. तू आयुष्यात अंगठी घातलेली नाहीस.

फोन केला तेव्हा तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. मी काय म्हणाले ते तू ऐकलंस एवढं पुरे. "तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने, गुरुवारची वाट बघू नकोस, डोकं आणि काजवे हे त्यांना आधी सांग." तीनदा सांगितलं. नंतर स्वातीच्या फोनवर तुझा निरोप आला की बीपी एकशे सत्तर होतं आणि तिला ठेवून घेतलंय. मग मी खाली बसले.

आता लाज वाटते ती अशी. एकतीस वर्षं बाळंतपणं केली. सुजलेले पाय, नाचणी, खजूर, ढगळ मॅक्सी, जूनपासूनचे दिवस, सगळं माझ्यासमोर कागदावर मांडलेलं होतं. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी पहिल्याच पत्रात ओळखलं असतं. मी तुझं लग्न लावत बसले. संशयाने माणसाचे डोळे जातात म्हणायचं की मला बघायचंच नव्हतं, कोण जाणे.

किती महिने झाले? आठवा लागलाय ना? ती डाव्या कुशीवर झोपते का? बाळ हलतं का नीट? उत्तर तू पत्राने देऊ नकोस, स्वातीच्या फोनवर रोज सकाळी निरोप दे. भरून ठेवलेली माझी बॅग दाराशी आहे. पण ती ये म्हणाली नाही तर मी निघणार नाही. आणि मला का सांगितलं नाही, हे आता तरी लिही. ते वचन मोडलंस तरी चालेल, कारण मला कळून चुकलंय.

अक्का

---

जळगाव
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्का,

बीपी उतरलंय, गोळ्या चालू आहेत. बाळ हलतं. डॉक्टर म्हणतात, तुम्ही गुरुवारपर्यंत थांबला असता तर आई आणि बाळ दोघांपैकी कुणाचाच भरवसा नव्हता. मी वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून हे लिहितोय.

वचनाचं तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा मामा, पण जसं आहे तसं लिहा, मऊ करू नका." म्हणून लिहितो. राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

तीन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले. तिसराच महिना होता. तिने फक्त तुला सांगितलं आणि तू पुढच्याच रविवारी उभी राहून अख्ख्या मंडळीसमोर उपकार मानलेस, पेढे वाटलेस. चौथ्या महिन्यात ते गेलं. मग महिनाभर प्रत्येक जण तिला विचारत होता, कितवा लागला? तिला प्रत्येकाला सांगावं लागलं.

गेल्या वर्षी दुसऱ्यांदा. या वेळी ती म्हणाली होती, आई, नऊ महिने होऊ दे. तू पाचव्या महिन्यात प्रीतिभोजन घातलंस. ऑक्टोबरात तेही गेलं. सहा महिन्यांचा मुलगा होता, अक्का, तिने त्याला पाहिलं होतं.

हे सुद्धा तिने मनाला लावून घेतलं नाही. तू आनंदाने केलंस, असं ती म्हणते. पण त्यानंतर सहा आठवड्यांनी आला कापणीचा रविवार. लोक भोपळे, ज्वारीची कणसं, केळीचे घड घेऊन आले होते. तू तिचा हात धरून तिला सगळ्यांसमोर उभी केलीस आणि म्हणालीस, "प्रभू, जे झालं त्याबद्दलही तुझे उपकार." लोकांनी तुझ्या विश्वासाचं कौतुक केलं. तिचं म्हणणं, "आई एकदाही रडली नाही मामा. माझं बाळ गेलं आणि तिने त्याचे आभार मानले. मी तिच्या शेजारी उभी राहून लोकांकडे बघून मान हलवली. त्या दिवसापासून मला प्रार्थनेत तोंड उघडता येत नाही."

मी तिला विचारलं होतं, तू काय नजरेला घाबरतेस का? आपण ते मानत नाही. ती म्हणाली, "नजर कुणाची? मला आईच्या आभारांची भीती वाटते." म्हणून लपवलं. चिठ्ठीचा उद्योग माझा. मला राहवेना. कारण लिहिलं असतं तर ते दोन दिवसांत लिलाबाईंच्या तोंडून तुझ्याकडे पोचलं असतं, म्हणून नाही लिहिलं.

तिने तुला अजून बोलावलेलं नाही. मी विचारलं होतं. तिने कूस बदलली.

तुझा,
प्रेमराज

---

देवपूर, धुळे
२५ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेमराज,

हे पत्र तिला वाचून दाखव. तिची इच्छा नसेल तर तिच्या उशाशी ठेव.

तुझं पत्र आल्यावर पहिले तीन दिवस मी तुला आणि तिला दोघांना मनातल्या मनात बोलत होते. मी काय वाईट केलं? देवाचे आभार मानणं हा गुन्हा कधीपासून झाला? तुम्ही दोघांनी मिळून मला खलनायिका केलंय, असंही वाटलं. चौथ्या दिवशी भाजी निवडताना हात थांबला. ते पोर गेलं त्या दिवशी मी काय केलं होतं, ते आठवलं. तिला कपडे बदलून दिले, डॉक्टरांची सही घेतली आणि घरी येऊन पातेली घासली. खरंच रडले नव्हते.

आता जे लिहितेय ते मी पाळकसाहेबांनाही कधी सांगितलेलं नाही. मी तुझ्यावर संशय घेतला, मंदाबाईवर घेतला, कुंदनरावांवर घेतला. पण आयुष्यभर ज्याच्यावर संशय घेत आले तो वर बसलेला आहे. मृणालीचे वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आदल्या दिवसापर्यंत धडधाकट माणूस. त्या दिवसापासून मला वाटत आलंय की हा देतो आणि हात मागे घेतो. म्हणून काही चांगलं झालं की मी आधी चार लोकांसमोर उभी राहून मोठ्याने आभार मानून घ्यायची. सरकारी अर्जाच्या शेवटी आपण "आगाऊ आभार" लिहितो ना, तसं. साक्षीदार असले की साहेबाला नाही म्हणता येणार नाही, असा माझा हिशोब. आणि त्याने नेलं तेव्हाही मी आभारच मानले, कारण तक्रार केली तर उरलेलं, म्हणजे मृणालीला, नेईल अशी भीती होती. लोक त्याला विश्वास म्हणाले. मीही म्हणाले. ती नुसती भीती होती, प्रेमराज.

काल आमच्याकडे कापणीचा रविवार होता. टेबलावर भोपळे, वांगी, कपाशीची बोंडं, सगळं मांडलेलं. उठून साक्ष द्यायच्या वेळी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे आधी माझ्याकडे पाहिलं, कारण दरवर्षी पहिली मीच उठते. मी ठरवून गेले होते की बसून राहायचं. पण उठले.

म्हणाले, "गेल्या वर्षी इथेच मी मुलीचा हात धरून उभी होते. माझा नातू गेला होता आणि मी त्याबद्दल देवाचे उपकार मानले. त्याच्या आधीही एक गेलं होतं. मला त्या दोघांचं दुःख झालं होतं. मी देवाशी खोटं बोलले आणि मुलीला त्या खोट्यात उभी केली. तेव्हाचे ते उपकार मी आज परत घेते." आणि बसले.

पेटी वाजवणाऱ्याला कुठलं गीत घ्यावं समजेना. पाळकसाहेब बिचारे तरुण आहेत, त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. नव्या बाळाबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. ते माझं सांगायचं नाही.

बाहेर पडले तर दोन बायकांनी रस्ता बदलला. वडीलमंडळींपैकी एक जण म्हणाले, असं प्रभूच्या देवळात बोलू नये. मी म्हटलं, तर मग कुठे बोलायचं ते सांगा. लिलाबाई मागून आली. मला वाटलं, आता ही सगळ्या धुळ्यात करणार. तिने माझा हात धरला आणि उजव्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मना बी एक गया व्हता, अक्का. तीस वरीस व्हई ग्यात. कोनी इचारं नही." मग आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि मी रडले. तेरा महिन्यांनी. माझ्यावर एकदा कुणीतरी संशय घ्यायला हवा होता, इतकी मी कोरडी होते.

घरी येऊन गुडघ्यावर आले तर आभाराचा एकही शब्द आला नाही. देवाला सांगितलं, मी तुझ्यावर रागावलेय. बाळ सुखरूप येऊ दे एवढंही मागायचं धैर्य नव्हतं. तो काय करील याची मला आजही खात्री नाही. पण पहिल्यांदाच त्याच्याशी खरं बोलले, आणि तो उठून गेला नाही असं वाटलं.

मृणाली, तू बोलावू नकोस मला, तुझ्या मनात येईपर्यंत. मी माफी मागते. उभं करण्याआधी मी तुला विचारायला हवं होतं.

आई

---

जळगाव
६ डिसेंबर २०२४

प्रिय आई,

मामा म्हणाले, फोन करून टाक, तिला कुणीतरी ओरडून सांगेल. पण हे मला ओरडून सांगायचं नव्हतं.

एक तारखेला, रविवारी सकाळी, सिझर करावं लागलं. बीपी पुन्हा चढलं होतं. मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. चार दिवस काचेच्या पेटीत होती, काल बाहेर काढली. कुंदन तिच्याकडे बघतो आणि हात मागे बांधून उभा राहतो, धरायची हिंमत होत नाही त्याची. मीच मामांना सांगितलं होतं की तुला काही कळवू नका, चार दिवस जाऊ देत. तू तिकडे कशी असशील ते मला दिसत होतं, तरी सांगितलं. मला खात्री हवी होती. आता वाटतं, खात्री अशी कधी मिळतच नाही.

तुझं पत्र मामांनी वाचून दाखवलं नाही, मी स्वतः वाचलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. त्याआधी स्वातीचा फोन येऊन गेला होता. तू देवळात काय बोललीस ते मी तिला दोनदा सांगायला लावलं. यावेळीही तू मला न विचारताच उठलीस आई, सवय आहे तुझी. पण राग आला नाही. मी भिंतीकडे तोंड करून खूप रडले, आणि नर्स बीपी बघायला धावत आली.

त्या दोघांची नावं मी ठेवली होती. कुंदनलाही सांगितलेली नाहीत. तुला सांगेन.

काल हिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा माझ्या तोंडातून देवाचं नाव निघालं, वर्षभराने. पुढे काय म्हणायचं ते सुचेना. भीती अजून गेलेली नाही. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी हिचा श्वास ऐकते, मग उघडते. तूही इतकी वर्षं माझ्यासाठी हेच करत होतीस का? मला वाटायचं तुला कशाचीच भीती वाटत नाही.

सोमवारी घरी सोडतील. तू मंगळवारी ये. मामा स्टँडवर येतील. आधी आपण दोघी दार लावून त्या दोघांसाठी रडू, मी एकटीने करून पाहिलं, पुरं होत नाही. मग हिला तुझ्या हातात देईन. तेव्हा तू देवाला जे म्हणशील, त्याला मी आमेन म्हणेन.

तुझी,
मृणाली